आधी दंडाला पट्टा

रक्तदाब दुखत नाही, दात दुखतो. मसुऱ्यात दातांचा दवाखाना चालवायला लागल्यापासून माझ्या कामाची निम्मी घडी या एका गोष्टीने बसवली आहे. वर्षानुवर्षं डॉक्टरची पायरी न चढलेला माणूस दाढेच्या ठणक्याने रात्रभर तळमळला की सकाळी गालाला हात लावून माझ्या बाकावर येऊन बसतो. त्याच्या मते त्याला एकच दुखणं आहे. दंडाला पट्टा गुंडाळला की दुसरं सापडतं, आणि पुष्कळदा ते दाढेपेक्षा कितीतरी जुनं असतं.

मसुरे हा वाड्यांचा गाव. खाली गड नदी, वर भरतगड, आणि देऊळवाडा, मर्डे, कावावाडी, मागवणे, गडघेरा अशा वाड्या लांब लांब पसरलेल्या. भराडी देवीची आंगणेवाडीही इथलीच. मालवण किंवा कणकवली गाठायची तर एसटीच्या वेळा सांभाळत दिवस मोडतो. त्यामुळे दुखणं अंगावर काढायची सवयच लागते. लावणी-कापणी, गणपती, जत्रा, मुंबईहून येणारे चाकरमानी, या सगळ्यांचं झालं की मग स्वतःचं. बायकांच्या बाबतीत तर ते "मग" फार उशिरा येतं.

खरं तर रक्तदाबाच्या कामात आमचा जिल्हा मागे नाही. देशात 2017 मध्ये रक्तदाब नियंत्रणाचा जो राष्ट्रीय उपक्रम सुरू झाला, त्याच्या पहिल्या टप्प्यात महाराष्ट्रातले मोजकेच जिल्हे होते आणि त्यांत सिंधुदुर्ग होता. ठरलेली सोपी औषधयोजना, गोळ्या जवळच्या आरोग्य केंद्रात मोफत, आणि रुग्ण आला नाही तर त्याचा पाठपुरावा, अशी त्याची बांधणी. 2022 मध्ये या उपक्रमाला संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कारही मिळाला. तरीही माझ्याकडे दोन प्रकारची माणसं येतच राहतात. एक, ज्यांनी रक्तदाब कधी मोजलेलाच नाही. दुसरी, ज्यांनी मोजला, गोळी सुरू केली आणि "बरा वाटला म्हणान" ती सोडून दिली. या दोघांना आरोग्य केंद्रापर्यंत न्यायला रक्तदाबाने कधी हाक मारली नाही. दाताने मारली, आणि ती ऐकून ही माणसं माझ्याकडे आली. म्हणून मोजण्याची जबाबदारी माझी, असं मी मानते.

मोजायचं तेही नीट. माणूस चढ चढून, धापा टाकत, चहा पिऊन, पान किंवा मशेरी लावून आलेला असतो. वरच्या दिव्याखाली, समोर मांडलेली हत्यारं बघत त्या खुर्चीत बसला की कोणाचाही आकडा चढतो. म्हणून मी बाहेरच्या साध्या खुर्चीत पाच मिनिटं बसवते. पाठ टेकलेली, पाय जमिनीला, पायावर पाय नाही, हात टेबलावर हृदयाच्या पातळीला, बोलायचं नाही. जाड दंडाला मोठा पट्टा, कारण लहान पट्ट्याने आकडा खोटा वाढतो. एकदा मोजून वाढलेला दिसला तर थोड्या वेळाने पुन्हा.

140/90 च्या वर गेला की तो वाढलेला. पण तेवढ्याने दाताचं काम अडत नाही. 160/100 पर्यंत मी नेहमीसारखं काम करते आणि आरोग्य केंद्रात जाऊन तपासून घ्या म्हणून चिठ्ठी देते. त्याच्या पुढे गेला की काम छोटं, वेळ कमी, मध्येच पुन्हा मोजणं. आणि दोनपैकी एक जरी आकडा 180/110 च्या रेषेला पोचला, तर त्या दिवशी दात काढत नाही. सोबत छातीत दुखणं, दम, डोळ्यांपुढे अंधारी किंवा हातापायात कमजोरी असेल, तर दाताचा विषयच मागे ठेवून तडक रुग्णालय.

इथपर्यंतचं पुस्तकात आहे. पुस्तकात सहसा नसतं ते त्याच्या पुढचं. "बीपी जास्त आहे, कमी झालं की या" असं सांगून दार दाखवलं की डॉक्टर सुरक्षित होतो, रुग्ण होत नाही. त्याची दाढ तशीच ठणकत असते. तो इथून निघतो आणि औषधाच्या दुकानातून दुखण्याची गोळी घेतो. ही गोळी बहुधा डायक्लोफेनॅक, अ‍ॅसिक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन या घराण्यातली असते. या गोळ्या मूत्रपिंडाला मीठ आणि पाणी धरून ठेवायला लावतात. रक्तदाब आणखी चढतो, आणि रक्तदाबाच्या बऱ्याच गोळ्यांचा, पाणी उतरवणाऱ्या गोळ्यांचा असर कमी होतो. म्हणजे ज्या कारणासाठी आपण त्याला परत पाठवलं, तेच कारण आपण पाठवल्यामुळे वाढतं. पुढे ढकलणं हा उपचार नव्हे. ढकललेल्या दिवसांत त्या माणसाचं काय होणार, हे ठरवून देणं हा उपचार.

एक आजी आल्या होत्या. खालची दाढ, गालाला सूज, दोन रात्री झोप नाही. सून सोबत. पट्टा बघूनच त्या म्हणाल्या, "माका बीपी-बिपी काय नाय गो बाय. दाताचा काय ता बघ." आकडा आला 194/112. दहा मिनिटांनी 190/110. डोकं दुखत नव्हतं, दम नव्हता, बोलणं स्वच्छ. आजींना वाटलं, आता ही आपल्याला हाकलणार. त्यांचा चेहरा पडला. मी त्यांना सांगितलं, आज दाढ काढायची नाही, पण आज ठणका मात्र थांबवायचा.

मसुऱ्याच्या प्राथमिक आरोग्य केंद्राला फोन केला आणि आकडे कळवले. त्यांनीही ठणका थांबवण्यापुरतं काम करून लगेच पाठवा म्हणून सांगितलं. त्या दाढेची नस आधीच मेलेली होती, मुळाशी पू कोंडला होता. अशी दाढ वरून उघडायला पुष्कळदा इंजेक्शनही लागत नाही. खुर्ची फार मागे न करता, हलक्या हाताने दाढेला वाट करून दिली. दाब सुटला तसा पू आला, आणि आजींनी मुठीत घट्ट धरलेला पदर सोडला. "आता बरा वाटता," म्हणाल्या. ठणका ओसरल्यावर पुन्हा मोजला तर आकडा पहिल्यापेक्षा खाली आला होता, उपचार लागण्याइतका जास्त मात्र होताच. पॅरासिटामॉल, सुजेसाठी अँटिबायोटिक, आणि दुकानातली दुसरी कुठलीही गोळी घ्यायची नाही हे सुनेला दोनदा सांगितलं. तिथून त्या थेट आरोग्य केंद्रात गेल्या, गोळी सुरू झाली. काही आठवड्यांनी रक्तदाब 150 च्या खाली उतरल्यावर दाढ निवांत काढली.

एका तासात आकडा खाली आणायची घाई करू नये, हेही इथेच सांगायला हवं. पूर्वी निफेडिपिनची कॅप्सूल फोडून जिभेखाली ठेवायची पद्धत होती. त्याने रक्तदाब एकदम कोसळून मेंदूचा किंवा हृदयाचा रक्तपुरवठा तुटू शकतो, म्हणून ती सोडून देण्यात आली. वर्षानुवर्षं चढलेलं काही दिवसांत, आठवड्यांत उतरवायचं असतं.

रुग्णांच्या आणि कधी कधी डॉक्टरांच्याही मनात आणखी एक भीती असते ती भुलीच्या इंजेक्शनची. त्यात अ‍ॅड्रेनलिन असतं हे खरं. त्यामुळे भूल जास्त वेळ टिकते आणि रक्त कमी जातं. आपल्याकडे सहसा वापरतात त्या भुलीत त्याचं प्रमाण 80,000 भागांत एक, म्हणजे एका मिलिलिटरला साडेबारा मायक्रोग्रॅम. हृदयरोग्याला एका वेळी 40 मायक्रोग्रॅमपर्यंत चालतं, म्हणजे साधारण 3 मिलिलिटर. एक दाढ बधिर करायला दोनच्या आसपास पुरतात. सुई रक्तवाहिनीत नाही ना, हे मागे ओढून बघायचं आणि औषध सावकाश सोडायचं. प्रोप्रॅनोलॉलसारखी गोळी चालू असेल तर आणखी कमी. पण भीतीपोटी अ‍ॅड्रेनलिन टाळून भूल अपुरी राहिली आणि मध्येच कळ गेली, तर त्या माणसाचं स्वतःचं शरीर जे अ‍ॅड्रेनलिन रक्तात सोडतं ते माझ्या सिरिंजमधल्यापेक्षा कितीतरी जास्त असू शकतं. हृदयरोग्याला सगळ्यात जास्त गरज असते ती पूर्ण भुलीची, शांत बोलण्याची आणि न ताटकळण्याची. त्यांना मी सकाळी थोड्या उशिराची वेळ देते आणि आल्याबरोबर आत घेते.

पट्ट्यावर माझा भरवसा आहे, पण पट्टा सगळं सांगत नाही हे मला एका काकांनी शिकवलं. मुंबईची नोकरी संपवून गावी राहायला आलेले. खालची एक दाढ हलत होती, जेवताना टोचत होती. रक्तदाब 108/70. आकडा बघून कोणीही खुशाल पुढे गेलं असतं. मी खुर्ची मागे नेऊ लागले तसे त्यांनी दोन्ही हातांनी खुर्चीच्या कडा धरल्या. "मॅडम, वर घेवा. माका आडवा पडाक जमना नाय."

खुर्ची सरळ केली आणि विचारलं, घरी कसे झोपता? "तीन उशये लागतत. कधी कधी बसानच निजतंय." बोलताना वाक्याच्या मध्ये श्वास घ्यायला थांबत होते. पायाकडे बघितलं. चपलेच्या पट्ट्याचा वळ पायावर खोल उमटला होता. घोट्याच्या वर नडगीवर अंगठा दाबून धरला आणि उचलला, तर तिथे खळगा तसाच राहिला, हळूहळू भरत गेला. चपला घट्ट होऊ लागल्या होत्या, रात्री खोकला येत होता, दोन-तीनदा उठावं लागत होतं. हे सगळं ते वयाच्या खाती टाकून मोकळे झाले होते.

मुलाला घरून फाईल आणायला लावली. प्लॅस्टिकच्या पिशवीत सगळं जपून ठेवलेलं. पूर्वी हृदयविकाराचा झटका येऊन गेलेला. इकोच्या कागदावर हृदयाची पंपशक्ती 30 टक्के. निरोगी माणसात ती पंचावन्नच्या वर असते. असं कमजोर हृदय आलेलं रक्त पुरतं पुढे ढकलू शकत नाही. मग पाणी मागे तुंबतं, दिवसा पायांत उतरतं आणि आडवं पडलं की तिथून परत फुप्फुसांत भरू लागतं. म्हणून उशा वाढतात. रक्तदाब अशा माणसाचा पुष्कळदा कमीच असतो. यंत्रावर दिसलेला तो चांगला आकडा थकलेल्या हृदयाचा होता.

गोळ्यांची चौकशी केली. सगळ्या चालू होत्या, फक्त लघवीची गोळी त्या दिवशी घेतली नव्हती. "एसटीत बसाचा होता म्हणान घेवक नाय." हे उत्तर मी आता ओळखते. पाणी उतरवणारी गोळी सकाळी घेतली की पुढचे काही तास वारंवार जावं लागतं, आणि एसटीत त्याची सोय नाही. प्रवासाच्या दिवशी ती गोळी गाळायची, असा नियमच आमच्याकडच्या कितीतरी वयस्कर माणसांनी स्वतःला घालून घेतला आहे. काकांचं मागच्या काही दिवसांत लग्नं, बँक, नातेवाईक असं येणंजाणं बरंच झालेलं. त्यात आठवडाभर दाढेसाठी दुकानातली दुखण्याची गोळी. एक गोळी पाणी काढणारी ती बंद, दुसरी पाणी धरून ठेवणारी ती चालू.

त्या दिवशी दाढेला हात लावला नाही. चिठ्ठीत रक्तदाब, पायांची सूज, उशांची संख्या, बंद झालेली गोळी आणि चालू झालेली गोळी, सगळं लिहिलं आणि मुलाला रिक्षा करून त्यांना ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात न्यायला सांगितलं. तिथे दाखल करून घेतलं, पाणी उतरवलं, औषधं बसवून दिली. पुढे ते परत आले तेव्हा चपला पायात सैल होत्या आणि एका उशीवर झोप लागत होती. दाढ काढली ती त्यांना जवळजवळ सरळ बसवूनच. मी उभी राहून काम केलं. थोडक्या भुलीत, थोडक्या वेळात. झाल्यावर लगेच उठू दिलं नाही. या औषधांवर असलेला माणूस एकदम उठला की रक्तदाब घसरून चक्कर येते, म्हणून दोन-तीन मिनिटं तिथेच बसवलं. लघवीची गोळी त्यांनी त्या दिवशीही घेतली होती. मी सांगितलं होतं, उशिरा या, पण गोळी घेऊन या, आणि माझ्याकडे सोय आहे.

तेव्हापासून माझ्या केसपेपरवर एक प्रश्न कायमचा छापलेला आहे: झोपताना किती उशा लागतात? तो विचारायला काही सेकंद लागतात. वजन काही दिवसांत दोन किलोंनी वाढलं का, पायांना सूज येते का, रात्री दम लागून उठावं लागतं का, हेही त्यालाच जोडून.

हृदयाची औषधं तोंडात आपली खूण ठेवतात, तीही वाचता यायला हवी. आरोग्य केंद्रात रक्तदाबासाठी पहिली गोळी बहुधा अ‍ॅम्लोडिपिन 5 मिलिग्रॅम असते. चांगलं, स्वस्त, भरवशाचं औषध. पण काही थोड्या जणांच्या हिरड्या त्याने वाढतात. दातांच्या मधल्या हिरड्या फुगून दातांवर चढतात, ब्रश लागताच रक्त येतं. कोणीतरी सांगतं, गोळीने होतंय, बंद कर. मी सांगते, बंद अजिबात करायची नाही. आधी कीटण काढून हिरड्या स्वच्छ करते, कारण घाणीवरच ही वाढ पोसते. मग आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना चिठ्ठी, दुसरी गोळी देता येईल का म्हणून. निर्णय त्यांचा. पाणी उतरवणाऱ्या गोळ्यांनी तोंड कोरडं पडतं आणि लाळ कमी झाली की हिरडीलगत, मुळाशी दात किडतात. तिथे फ्लोराइडची पेस्ट, घोट घोट पाणी (डॉक्टरांनी पाण्याचं माप ठरवून दिलं असेल तर त्याच्या आत), आणि तोंड ओलं राहावं म्हणून खडीसाखर चघळायची सवय सोडणं.

दात आणि हृदय यांचं आणखी एक नातं मला इथल्या ताटात दिसतं. दाढा गेलेल्या माणसाला भाकरी चावत नाही, काकडी-मुळा चावत नाही. मग उरते पेज. पेजेला चव नाही, म्हणून सोबत खारा बांगडा, सुक्या सुंगटांची किसमूर, लोणचं, पापड. पावसात मासेमारी बंद असते तेव्हा तर सुकं-खारंच. जागतिक आरोग्य संघटना सांगते ते दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ या ताटात कधीच ओलांडलेलं असतं. गावच्या चवीवर माझा राग नाही, मीही त्यावरच वाढले. पण कवळी नीट बसली आणि माणूस पुन्हा भाजी, ताजा मासा, फळं खाऊ लागला, तर त्या कवळीने हृदयाचंही थोडं काम हलकं केलं, असं मी मनापासून मानते.

मुंबईहून सुट्टीत येणाऱ्यांपैकी बरेच जण अँजिओप्लास्टी झालेले असतात. दात काढायचा म्हणून कोणाच्या तरी सांगण्यावरून अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल चार-पाच दिवस आधीच बंद करून येतात. हे फार धोक्याचं आहे. स्टेंट बंद पडला तर जीव जातो. दाताच्या जागचं रक्त कापसाची घडी दाबून, टाका घालून, ट्रानेक्झॅमिक अ‍ॅसिडने भिजवलेली गॉज ठेवून थांबवता येतं. हृदयरोगतज्ज्ञाला विचारल्याशिवाय यातली एकही गोळी स्वतःहून बंद करू नये. आणि जबड्यात कळ आली म्हणजे ती दाताचीच, असंही नाही. चढ चढताना डाव्या जबड्यात कळ येते आणि थांबलं की जाते, दात मात्र सगळे धड, अशा माणसाला मी खुर्चीत घेत नाही. त्याला ईसीजीसाठी पाठवते.

या सगळ्याला लागतं फार थोडं. चांगलं स्वयंचलित यंत्र दोन-तीन हजारांत येतं. पाच मिनिटं लागतात. लागतो तो आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांशी बोलण्याचा सराव, आणि चिठ्ठीवर "फिट आहे का" एवढंच न विचारता मी काय करणार आहे, किती भूल देणार आहे, कोणती गोळी देणार आहे हे लिहिण्याची तयारी. माझ्या व्यवसायातल्या तरुण मित्रमैत्रिणींना, खास करून तालुक्याच्या गावापासून दूर बसलेल्यांना, मी हेच सांगते: तुमच्याकडे येणारा माणूस दुसऱ्या कुठल्याच डॉक्टरकडे जाणार नाही असं धरून त्याला तपासा.

आणि रुग्णांना माझं मागणं आहे. दातांच्या डॉक्टरकडे येताना सगळ्या गोळ्या आणि फाईल पिशवीत घालून आणा. सकाळच्या गोळ्या घेऊनच या, लघवीचीसुद्धा, आणि नाश्ता करून या. दुकानातून दुखण्याची गोळी घेतली असेल तर तिचं पाकीट दाखवा. आडवं पडायला त्रास होत असेल तर खुर्चीत बसण्याआधी सांगा. बसवून दात काढता येतो. आणि आम्ही "आज नको" म्हटलं, तर मग तोवर काय करायचं हे विचारल्याशिवाय उठू नका. ते सांगणं आमचं काम आहे.